पिवळ्या टोकाचे तीन बार

१८ फेब्रुवारी. बारांची मांडणी आवरायला घेतली. लिंबायतमधला आमचा कारखाना लहान. कापड कापायची पाती बनवतो. त्यासाठी खास पोलादाचे बार येतात, टोकाला रंग लावलेले. रंगावरून पोलादाची जात कळते.

सासरे होते तेव्हा पाच कंपन्यांचा माल यायचा आणि प्रत्येकीचे रंग वेगळे. पुढे एकीने दुसरीला विकत घेतलं, त्या दोघींना तिसरीने. आता पाचही एकाच नावाखाली आहेत आणि रंगांचा तक्ताही एकच. त्या तक्त्याप्रमाणे मी पिवळ्या टोकाचे तीन बार एका खणात ठेवले, आणि मग घोटाळा लक्षात आला. जुन्यातल्या एका कंपनीचा पिवळा म्हणजे पात्याचं कडक पोलाद. नव्या तक्त्यातला पिवळा म्हणजे साधं. तिन्ही बार सारखेच जाड, सारखेच गंजलेले. कामरेजच्या गिऱ्हाइकाचं मशीन पात्यावाचून बंद पडलं होतं. साध्या पोलादाचं पातं दिलं असतं तर चार दिवसांत बोथट होऊन परत आलं असतं, आणि ते जुनं गिऱ्हाईक तुटलं असतं.

कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, विलीनीकरणाआधीचं काहीच आमच्याकडे नाही.

सासूबाई ऐकत होत्या. त्यांनी वीस वर्षं ग्राइंडरवर पाती घासली; डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मी त्यांना तिकडे फिरकू देत नव्हते. ठिणगीवरून पोलाद कळतं म्हणत त्यांनी मला दिवे बंद करायला सांगितले. मी नको म्हटलं.

"मंग त्या फोनवाल्या पोरीले इचार."

दिवे बंद केले, शटर ओढलं, त्यांना गॉगल दिला आणि लांब बसवलं. एकेक बार मी ग्राइंडरच्या चाकाला टेकवला. पहिल्यातून लांब, पिवळ्या, टोकाला फुटणाऱ्या ठिणग्या उडाल्या. दुसऱ्यातूनही तशाच. तिसऱ्यातून आखूड, तांबूस, लगेच विझणाऱ्या.

"हाई जुनं शे," त्या म्हणाल्या, आणि कडक पोलादाला पिवळा लावणाऱ्या ज्या कंपनीचं नाव मीही विसरले होते ते सांगितलं.

इतकी वर्षं त्या चाकाचा आवाज ऐकत मी हिशेब-पत्रं केली. ठिणग्या कधी बघितल्याच नव्हत्या. कंपनीची पाटी उतरली, कागद गेले, आणि तिच्या भट्टीत काय पडलं होतं ते त्या तांबूस रेघांत जसंच्या तसं होतं. मी तिसरा बार पुन्हा चाकाला लावला. गरज नव्हती.

१९ फेब्रुवारी. सकाळी त्याच बारातून कामरेजचं पातं कापायला दिलं. मग सासूबाईंची खुर्ची आणि गॉगल ग्राइंडरजवळ नेऊन ठेवला, आणि मांडणीतले उरलेले बार एकेक करून खाली काढायला लागले.