आत वळलेली कड

"अहो, खुर्चीवर आधी पेपर टाका."

प्रभात रोडवरच्या ऑफिसात आर्किटेक्ट साहेबांनी शिपायाला सांगितलं. मी उभी होते. शेडमधली फायबरची धूळ कपड्यांना चिकटते, हे खरं. पण त्या दिवशी मी धुतलेला ड्रेस घालून गेले होते. तरी पेपर. मुकाट बसले. त्या मुकाट बसण्याची मला आजही चीड येते.

मी वाशिमकडची. विश्रांतवाडीच्या शेडमध्ये नऊ वर्षं फायबर थापत होते. साच्यात काचेच्या धाग्यांची चटई अंथरायची, वर रेझिन ओतायचं, रोलर फिरवून हवा काढायची. वाळलं की लोखंडापेक्षा कितीतरी हलका, पण चिवट तुकडा निघतो. काचेची कुसळं अंगात शिरतात ती वेगळीच. आयटी कंपन्या आल्या आणि सगळ्यांना वळणदार छतं हवी झाली. असल्याच एका छताला किती दिवस लागतील, ते सांगायला शेडमालकांनी मला ऑफिसात नेलं होतं.

पडद्यावर पाकळ्यापाकळ्यांचं छत होतं. साहेब ते माउसने गरागरा फिरवत होते. एका पाकळीची कड आत वळलेली दिसली. अशी कड साच्याला धरून बसते. मी बोलले, "साहेब, हा तुकडा साच्यातून निघनार नाही जी. साचा दोन भागांचा करा."

"आपलं शिक्षण?"

"दहावी."

"छान. हे सॉफ्टवेअर अमेरिकेचं आहे. त्याला विचारून कळवतो आपल्याला."

सगळे हसले. मालकही हसले.

साचा तसाच आला. पहिली पाकळी अडकली. पाचर ठोकून काढली, तर कड फुटली. दुसरी फुटली. तिसरी मधोमध चिरली. आठवड्याने मालकांनी टाइप केलेला कागद पुढे केला. 'कामगाराच्या निष्काळजीपणामुळे नुकसान.' खाली माझं नाव.

"सही करून टाका ताई. साहेब शांत होतील. तुमचं काय जातंय?"

काय जातंय? नऊ वर्षांत माझ्या हातचा एक तुकडा परत आला नव्हता. माझ्याजवळ दुसरं होतं काय? सही केली असती, तर पुण्यातल्या प्रत्येक शेडमध्ये मी निष्काळजी बाई ठरले असते. डोकं फिरलं माझं. पेन घेतलं आणि त्या ओळीवर काट मारून लिहिलं, 'कड आत वळलेली होती. मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. चूक माझी नाही.' खाली सही केली.

मालकांनी कागद फाडला. मी दुसरा मागितला. त्यावरही तेच लिहिलं.

काम गेलं. पुढे साहेबांनी साचा दोन भागांचा करून घेतला, हे शेडमधल्या बायकांकडून कळलं. छत उभं राहिलं. मला कुणी फोनसुद्धा केला नाही.

आता भोसरीत थापते. ड्रॉइंग आलं की आधी बघते. खटकलं तर त्याच प्रिंटवर लिहिते आणि समोरच्याची सही घेते. इथले साहेब वैतागतात. "एवढं कशाला, बाई?" वैतागू देत. माझं म्हणणं कागदावर उतरल्याशिवाय मी साच्याला हात लावत नाही. हेही काम जाईल कदाचित. जाऊ दे. हात लावणार नाही.