घाटातला देव आणि रस्सीवाले साहेब

पोस्टिंगची ऑर्डर आली तेव्हा मी राखीव पोलीस दलात, आसामात होतो. क्लार्कने माझं नाव वाचलं, पुढे ठिकाण वाचलं आणि हसला. सोबतच्या जवानांपैकी कुणाला काश्मीर मिळालं, कुणाला मणिपूर. मला मिळाला बालाघाट-बैहर रस्ता. म्हणजे माझ्या बापाचा रस्ता.

आमचं गाव लामत्याजवळ. बाबा बांधकाम खात्याच्या रस्ता गँगमध्ये होते आणि त्यांची सगळी नोकरी या घाटात गेली. मुलानं तरी हातात घमेलं धरू नये, म्हणून त्यांनी मला भरतीला पाठवलं. आणि मी अर्धा देश फिरून, वर्दी घालून, त्याच घाटात परत आलो.

घरी फोन केला. आईनं पहिला प्रश्न विचारला, "मंग तू रोज जेवाले घरी येशीन का?"

मुलगा बॉर्डरवर आहे असं सांगायची तिची सोय गेली होती. पण तिला त्याचं काही वाईट वाटल्याचं दिसलं नाही.

रस्ता साधाच. बालाघाटहून निघतो, थोडं सपाट चालतो, मग सालाच्या आणि बांबूच्या जंगलात घाट चढतो आणि उकव्यावरून बैहरला पोचतो. आधी ती बैलगाडीची वाट होती. बांबू आणि मँगनीज त्याच वाटेनं खाली यायचं. नंतर मुरूम पडला, मग डांबर, मग स्टेट हायवेची पाटी. बाबा मात्र हा रस्ता किलोमीटरनं कधी सांगत नसत, वळणांनी सांगत. एक नवरीचं वळण, तिथे वरातीची बैलबंडी उलटली होती. एक गुळाचं वळण, तिथे ट्रक उलटला होता आणि आजूबाजूच्या गावांनी पुढचा महिनाभर चहा फार गोड प्यायला. आणि एक देवाचं वळण.

देवाच्या वळणावर दगडांचा ढीग. मूर्ती नाही, देऊळ नाही. घाटातून जाणाऱ्यानं एक दगड उचलायचा, ढिगावर ठेवायचा आणि पुढे जायचं. बाबा सांगत, रस्ता आखला तेव्हा साहेबाला तिथे सरळ जायचं होतं. मजूर ढिगाला हात लावेनात. शेवटी साहेबानं रस्ताच वाकवला.

माझी कंपनी घाटमाथ्यावर होती. काम आरओपीचं, म्हणजे रोड ओपनिंग पार्टी. नक्षल्यांनी रात्रीतून सुरुंग पेरला नाही ना, ते बघायचं. सकाळी गाड्या सुटायच्या आधी सेक्शननं पायी घाट उतरायचा. दोघे डांबराच्या कडेनं, दोघे झाडीतून, पुढे डिटेक्टरवाला. पुलिया, म्हणजे रस्त्याखालची मोरी, दिसली की थांबायचं, खाली वाकून बघायचं. सगळं ठीक असलं की वायरलेसवर "रोड क्लिअर" आणि मग पहिली बस. रोज तोच रस्ता, तेच वाकणं. माझ्या कंबरेनं या हायवेच्या जेवढ्या पुलियांना नमस्कार केला, तेवढा मी देवाला केला नसेल.

आमचे सेक्शन कमांडर हवालदार जगमोहन रावत. गढवालचे. बुटके, शांत. कालचा रस्ता आज जसाच्या तसा डोळ्यासमोर आणू शकणारा माणूस. काही वेगळं दिसलं की एकच प्रश्न विचारायचे, "कल यहाँ था?"

मी त्यांच्या हाताखाली नायक, पण या रस्त्याचा घरचा माणूस म्हणून भाव खायचो. कुणी विचारलं नाही तरी वळणांचे किस्से सांगायचो. रावत म्हणायचे, "नायक साहब, रस्ता आपके पिताजी का है, पर ड्यूटी मेरी है. आगे देखो."

त्या दिवशी पाऊस उघडून आठवडा झाला होता. रस्ता रुंद करायचं काम सुरू होतं, मशीन खाली उभी होती. आम्ही उतरत होतो. गुळाच्या वळणापुढे रस्त्याच्या काठाला दगडांचा ढीग दिसला. नीट रचलेला. वर ओली माती.

मी लगेच तोंड उघडलं. "देव है सर. एक पत्थर रखो और चलो."

रावतनी हात वर केला. सेक्शन जागच्या जागी थांबली.

"कल यहाँ था?"

मी बघितलं. काल नव्हता. देवाचं वळण अजून बरंच खाली होतं. देवासाठी रस्ता वाकल्याचं मी ऐकलं होतं, रस्त्यासाठी देव हलल्याचं कधी नाही.

"नहीं सर."

"तो पीछे."

मी म्हटलं, "और देवता निकला तो?"

"देवता है तो बुरा नहीं मानेगा. बारूद है तो मानेगा."

सेक्शन मागे घेतली. वायरलेस सुरू झाला.

"टू फॉर चार्ली. सड़क पर नया ढेर. ट्रैफिक रोका है. बॉम्ब टीम भेजो. ओवर."

"टू, टीम नीचे से आएगी. दोपहर होगी. ओवर."

"रॉजर."

तेवढ्यात वरून हॉर्न वाजवत जीप आली. धनलाल ड्रायवर, बैहर लाइनचा, मला ओळखणारा. मागच्या सीटवर एक पोरगी आडवी, पहिलटकरीण, आणि तिची सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन. बैहरच्या दवाखान्यानं बालाघाटला न्यायला सांगितलं होतं.

"दादा, जाऊ द्या ना," धनलाल म्हणाला. "तिचं काई खरं नाई."

"पुढे रस्ता बंद आहे."

"मंग परत वर जाऊ? तिकडून फिरून गेलो तर सांज होईन!"

सासूनं मान बाहेर काढली, लांबून ढीग बघितला. "वो तो देव है बेटा. हाथ जोड़ के निकल जाओ."

रावत जीपजवळ गेले. पोरगी ओठ चावत होती. परत आले आणि माझ्याकडे बघितलं. "घर का आदमी है ना तू? बता, दूसरा रस्ता?"

इतके दिवस न विचारता बोललो होतो. विचारलं तेव्हा एकही किस्सा कामाचा निघेना.

मग बाबांची बैलगाडीची वाट आठवली. गुळाच्या वळणाच्या अलीकडून डावीकडे उतरते, असं ते सांगत, आणि देवाच्या वळणाच्याही खाली हायवेला मिळते. मी ती लहानपणी एकदाच बघितली होती, बाबांच्या खांद्यावरून. म्हणजे माहिती पक्की, फक्त उंची वेगळी.

वाट सापडली. रायमुनियाच्या, म्हणजे घाणेरीच्या, काटेरी झुडपांनी भरली होती. रावतनी दोघांना ढिगावर नजर ठेवायला बसवलं. बाकीचे आत. पुढे डिटेक्टर, मागे कोयते, त्यामागे इंच-इंच जीप. अर्ध्या उतारावर डिटेक्टर वाजला. सगळे खाली. रावत एकटे पुढे गेले, पोटावर झोपले आणि बोटांनी माती उकरू लागले. मागून पोरीचं कण्हणं ऐकू येत होतं.

त्यांनी हात वर केला. हातात बैलाची नाल होती, गंजलेली.

"तेरे पिताजी के ज़माने की," ते म्हणाले. "चलो."

तिथून खाली पावसानं वाट कापून नेली होती. जीप उतरेना. मी रायफल पाठीवर टाकली आणि दगड उचलायला लागलो. मोठे खाली, बारके वर, मध्ये मुरूम. बाबा कसे भरत, ते हातांना बरोबर माहीत होतं. ज्या कामातून सुटावं म्हणून मला फौजेत धाडलं, तेच काम मी फौजेच्या पगारात करत होतो. कुणी सांगितलं असतं तर बाबा पोट धरून हसले असते.

जीप डुगडुगत उतरली आणि खालच्या पार्टीनं उघडलेल्या हायवेला लागली. जाताना धनलालनं हॉर्न वाजवला नाही, फक्त हात दाखवला. उन्हं कलायच्या आत वायरलेसवर निरोप आला, मुलगी झाली, दोघी ठीक.

बॉम्ब टीम आली. ढिगाला लांब रस्सी बांधली आणि दुरून ओढली. दगड घरंगळले. आत नारळ, लिंबं आणि लाल फडकं. देवच होता.

खालच्या पाड्यातला म्हातारा पुजारी धावत आला. रुंदीकरणाची मशीन जुन्या ढिगापर्यंत आली, म्हणून गावानं आदल्या संध्याकाळी देव वर आणून बसवला होता. ते कॅम्पवर कळवायला हवं, हे कुणाला सुचलंच नव्हतं. देव हलवताना पोलिसांना कोण कळवतं?

म्हातारा रस्सीकडे बघत राहिला. "साहब, देवता को रस्सी से खींचा?"

आता हे भांडण होणार, असं मला वाटलं. रावतनी टोपी काढली. "गलती हुई बाबा. कैसे बैठाना है, बताओ."

"हाथ से. एक आदमी, एक पत्थर."

सेक्शननं रांग लावली. बॉम्ब टीमनंही. रावतनी आपला दगड ठेवला आणि विचारलं, "हमारे पहाड़ में भी रखते हैं. जो घर पर है, उसके लिए रख सकते हैं?"

"रखो," म्हातारा म्हणाला. "पर नाम ले के."

त्यांनी दुसरा दगड ठेवला आणि मुलाचं नाव घेतलं. मोठ्यानं, हजेरी घेतल्यासारखं.

पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. दुसरं राज्य, तसाच रस्ता, तशीच आरओपी. एका पुलियापाशी त्यांनी सेक्शन मागे पाठवली आणि स्वतः पुढे गेले. मला हे कंपनीच्या फोनवरून कळलं. बाकी सगळे वाचले.

मी आता रिटायर आहे. बैहरला मावसबहिणीकडे जायचं झालं की आमची सगळी फौज एका गाडीत बसते आणि देवाच्या नव्या वळणावर मी गाडी थांबवतो. मागून पुतण्या ओरडतो, "बड़े पापा, फिर से?" भावजय म्हणते, "थांबू दे रे, त्याईची ड्युटी हाय." मी आधी पुलियाखाली वाकून बघतो. कंबर कुरकुरते. मग दोन दगड उचलतो.

मागच्या खेपेला तिथे धनलालची जीप उभी होती. केस पांढरे झाले आहेत त्याचे. त्याच्याही हातात दोन दगड.

"दुसरा कोनाचा?" मी विचारलं.

"रस्सीवाले साहेबाचा. त्या दिवसापासून ठेवतो, दर खेपेले. त्या दिवशी झालेली पोरगी बी ठेवते, शाळेत जाताना. कुठी असतात ते आता?"

मी सांगितलं. त्यानं दुसरा दगड शर्टाला पुसला.

"नाव काय होतं?"

"हवालदार जगमोहन सिंह रावत."

त्यानं पुटपुटून बघितलं, अडखळला आणि मान हलवली. "लय मोठं हाय, दादा. तुम्ही पूरं घ्या. देवाले माह्या तोंडचं रस्सीवाले साहेबच ठाऊक हाय."

आम्ही दोघांनी दगड ठेवले. मी साहेबांचं पूर्ण नाव घेतलं, त्यानं त्याच्या तोंडचं. मागे गाडीत कुणी हॉर्न वाजवला नाही.