सारंगकाकांची दोरी

पाईप पेटवण्याआधी सारंगकाका तर्जनी तोंडात घालून ओली करायचे आणि गॅलरीच्या कठड्याबाहेर उंच धरून वारा बघायचे. बोटाची कुठली बाजू आधी गार पडते, त्यावर ते आज कुठे उभे राहणार हे ठरायचं. धूर कुणाच्याही घरात जाता कामा नये, हा त्यांचा स्वतःचा कायदा होता. कधी जिन्याजवळ, कधी पार टोकाला सामाईक नळाशी, आणि वारा मध्येच फिरला तर पाईप हातात धरून तेही फिरायचे. लालबागच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं की त्या लोकांना वाटायचं, हा म्हातारा रोज पाच वाजता आकाशात कुणाला तरी बोट दाखवतो.

मालवाहू बोटीवर खलाशांचा जो मुकादम असतो, त्याला सारंग म्हणतात. काकांनी छत्तीस वर्षं समुद्रावर काढली, त्यातली शेवटची चौदा सारंग म्हणून. मूळचे वेंगुर्ल्याकडचे. बायको गावीच वारली, मूलबाळ नाही. त्यांच्या आणि आमच्या खोलीत फक्त एक लाकडी फळ्यांची भिंत. माझे वडील गेले त्या वर्षी काका योगायोगानं सुट्टीवर होते. माझ्या दहावीच्या फॉर्मवर पालक म्हणून सही त्यांनी केली आणि मग पालक होऊनच बसले. मी लग्न केलं नाही. पुढे परळच्या एका शाळेत क्लार्क झाले. तरी रात्री यायला उशीर झाला की ते गॅलरीत उभे असायचे, आणि मी दिसले की आत जायचे.

त्यांची तंबाखू म्हणजे साधीसुधी पुडीतली नव्हे. अंगठ्याएवढी जाड, काळीकुट्ट, तेलकट, पीळ घातलेली दोरीच. ती वेटोळं करून बिस्किटांच्या डब्यात ठेवलेली असायची. डबा उघडला की डांबर आणि जुनं गोणपाट यांचा एकत्र वास यायचा. एका म्हाताऱ्या गोऱ्या इंजिनिअरनं थंडीत बोटं गरम राहावीत म्हणून त्यांना पहिला पाईप दिला होता, आणि ही दोरीही त्याच्याचकडची. निवृत्तीनंतर त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एका खलाशाचा मुलगा दर खेपेला इंग्लंडहून एक वेटोळं आणून द्यायचा. सुरीनं पातळ चकत्या कापायच्या, वर्तमानपत्रावर पसरून दोन तास वाळवायच्या, मग तळहातावर चोळून पाईपमध्ये भरायच्या. एवढा उद्योग दिवसातून एकदाच. मी एकदा म्हटलं, "काका, एवढा वेळ लागतो, तर सिगरेट ओढा ना." त्यावर म्हणाले, "ह्या हातघाईचा काम नाय गो. घाई केलंस तर जिभेक चावता."

कॉलेजात असताना मी हट्टानं त्यांच्या पाईपचा एक झुरका घेतला होता. पाच मिनिटांत डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी नळाच्या कट्ट्यावर डोकं धरून बसले. काकांनी लिंबूपाणी आणून दिलं आणि आईला सांगितलं, पोरगीला ऊन लागलंय. मला माहीत असलेलं त्यांचं ते पहिलं खोटं. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं.

आईचं व्यसन वेगळं होतं, पण मूळ तेच. वयाच्या नवव्या वर्षापासून ती मशेरी लावत होती. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईपर्यंत भाजायचं, कुस्करून डबीत भरायचं आणि सकाळी बोटानं हिरड्यांना घासत तासभर बसायचं. तिच्या गावात सगळ्या बायका हेच करायच्या, आणि मशेरीशिवाय पोट साफ होत नाही यावर त्या सगळ्यांचं एकमत होतं. चार वर्षांपूर्वी तिची दाढ दुखायला लागली म्हणून मी तिला दातांच्या डॉक्टरकडे नेलं, तर तिच्या गालाच्या आत एक पांढरा चट्टा निघाला. मोठ्या हॉस्पिटलात तुकडा तपासला. डॉक्टर म्हणाले, "अजून कॅन्सर नाही. पण मशेरी चालू राहिली तर व्हायला वेळ लागणार नाही."

त्याच संध्याकाळी मी मशेरीचा तवा भंगारवाल्याला दिला आणि डबी कचऱ्यात टाकली. खालच्या दुकानदाराला, दूधवाल्याला, मजल्यावरच्या एकूण एक बाईला बजावलं की आईला कुणी तंबाखू दिली तर माझ्याशी गाठ आहे. माझ्या जिभेची चाळीत दहशत होती, ती त्या दिवशी पुरेपूर वापरली. शेवटी काकांकडे गेले. ते म्हणाले, "शब्द दिला, बाय." मी निर्धास्त झाले.

पंधरा दिवस आई जेवायला बसली की ताटाकडे नुसती बघत राहायची. माझ्याशी बोलणं बंद. भिंतीकडे तोंड करून झोपायची. मग एका आठवड्यात तिचा नूर पालटला. जेवायला लागली, शेजारणींची उणीदुणी काढायला लागली, आणि मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटले की माझ्या आईनं पासष्ट वर्षांचं व्यसन सोडलं. संध्याकाळी घरी आले की जळक्या तंबाखूचा वास यायचा. मी म्हणायचे, काकांचा पाईप. वारा बघून कुणाच्या घरात धूर जाऊ न देणाऱ्या माणसाच्या पाईपचा वास माझ्या घरात कसा येतो, हा साधा प्रश्न मला पडला नाही.

एका रविवारी मी बाजारातून आले, तर आई मोरीच्या उंबऱ्यावर पडलेली. अंग घामानं भिजलेलं आणि बर्फासारखं गार, तोंडातून लाळ, उलट्या, हात थरथरतायत. मी काकांच्या नावानं किंचाळले. ते आले, क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. पण हात थांबले नाहीत. लाकडी खुर्ची ओढली, आईला तीत बसवलं. हिंदमात्याच्या बाजारातून आणलेली माझी कोरी साडी कपाटाबाहेर होती, त्या साडीनं त्यांनी आईला खुर्चीला बांधलं. गाठ अशी मारली की ती पुढे कलली तरी पडणार नाही. मजल्यावरच्या चौघांनी खुर्ची उचलली. तीन मजले काका उलटे उतरत होते, तोंड तिच्याकडे करून, आणि बोटीवर देतात तसे हुकूम देत होते, "सावकास. दमान. आता डावो पाय." सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस. टॅक्सीत परळचं हॉस्पिटल येईपर्यंत त्यांनी तिचं डोकं मांडीवर धरलं होतं.

कॅज्युअल्टीत डॉक्टर मला भराभर विचारत होता. शुगर? बीपी? आधी कधी अॅटॅक? काही भलतंसलतं खाल्लंय? मी सगळ्याला नाही म्हणत होते. नाडी मंद होत चालली होती आणि डॉक्टर हृदयाच्याच दिशेनं निघाला होता. तो नर्सला इंजेक्शनचं नाव सांगत असताना काका पुढे झाले.

"साहेब, तिनं तंबाखू लावलीय. माझी. लई कडक आसा. मी दिली."

डॉक्टरनं वळून बघितलं. "किती? कधी?"

"सकाळी. चांगली सुपारीएवढी. नीट भाजलेली नव्हती."

मग सगळ्यांचे हात वेगळ्या दिशेनं चालायला लागले.

नंतर सगळं कळलं. आई रोज दुपारी त्यांच्या दारात जाऊन बसायची आणि रडायची. पंधरा दिवस त्यांनी नाही म्हटलं. सोळाव्या दिवशी दोरीचं एक टोक कापून दिलं. पुढे मी शाळेत गेले की ती त्यांचा तवा आमच्या खोलीत आणून मशेरी भाजायची. रोज नखाएवढीच मिळायची म्हणून त्या दिवशी ते खाली पेपर आणायला गेले असताना तिनं डब्यातून स्वतःच मोठा तुकडा कापून आणला. गावचं पान जेवढा वेळ भाजायचं तेवढाच वेळ तो भाजला. दोरी तेलकट, बाहेरून काळी झाली आणि आतून कच्चीच राहिली. पासष्ट वर्षं मशेरी भाजणाऱ्या बाईचा हात तिथे चुकला. तिला खुर्चीत बसवताना तिच्या मुठीतला उरलेला तुकडा काकांच्या हाताला लागला होता, त्यावरून त्यांनी सगळं ओळखलं होतं.

आई वाचली. संध्याकाळी तिनं डोळे उघडले, माझ्याकडे बघून ते पुन्हा मिटले, आणि मी कॉरिडॉरमध्ये आले. काका बाकावर बसले होते.

"तिचा तोंड बघवत नाय होता गो," ते म्हणाले.

"मग तिरडी बघवली असती?" मी म्हणाले. आणखीही बरंच म्हणाले. तुम्हाला रक्ताचं कुणी नाही म्हणून तुम्हाला कळत नाही, हेही म्हणाले. बाकावरची माणसं उठून दुसरीकडे गेली. काका खाली मान घालून सगळं ऐकत होते. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं सोडलं.

त्यांनी त्याच आठवड्यात पाईप सोडला. हे मला आईनं सांगितलं. दोरीचं उरलेलं वेटोळं त्यांनी तिच्यासमोर चिरून मोरीत टाकलं होतं आणि म्हणाले होते, "वयनी, आता दोघांचाय बंद. बघूया कोण आधी मरता." मग रोज संध्याकाळी पाच वाजता, त्यांच्या पाईपच्या वेळेला, ते गॅलरीत समोरासमोर बसून पत्ते खेळायचे. एकमेकांवर खेकसायचे, एकदा आईनं सगळे पत्ते खाली रस्त्यावर भिरकावले. काका तीन मजले उतरून ते वेचून आले. मी शाळेतून यायचे, त्यांच्या पायांवरून वाट काढत आत जायचे आणि दार लोटून घ्यायचे. असे पाच महिने गेले. माझं बरोबर आहे याबद्दल मला कणभर शंका नव्हती.

आईला पुन्हा तपासायला न्यायचं होतं. ती अडून बसली, "तो येतलो तर मी येतलंय." तेव्हा तिघं टॅक्सीनं गेलो, मी पुढे, ते दोघं मागे. तोंडाच्या डॉक्टर तरुण होत्या, हसऱ्या. त्यांनी बॅटरी मारून आईचा गाल दोनदा बघितला. चट्टा जवळजवळ गेला होता. "आजी, कसं काय सोडलंत?" त्यांनी विचारलं. आईनं काकांकडे बोट दाखवलं. "ह्येनी सोडवली. आधी दिली, मगे सोडवली."

मी पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ बघितलं. किती वाळले होते. बोलायचं आता, असं मी मनाशी ठरवलं. शब्दसुद्धा जुळवत होते.

"आजोबा, तुम्हीही इतकी वर्षं ओढलीत ना? मग उघडा तोंड," डॉक्टर म्हणाल्या.

काका म्हणाले, "नको."

आई हसली. डॉक्टरही हसल्या, आणि मग त्यांचं हसू थांबलं. "उघडा," त्या पुन्हा म्हणाल्या, यावेळी हळू. काकांनी तोंड उघडलं. जिभेच्या डाव्या कडेला, खालच्या बाजूनं, रुपयाएवढी जखम होती.

"किती दिवस आहे हे?"

"चार म्हैने."

बाहेर आल्यावर मी त्यांचा दंड धरला. पाच महिन्यांनंतरचं माझं पहिलं बोलणं हे असं ओरडणंच होतं. "चार महिने? आणि कुणाला सांगितलं नाहीत?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. "सांगूचा कोणाक, बाय? इस्पितळाचा सगळा तूच बघतंस. दोनदा तुझ्या दारात येवन उभो रवलंय. तू आत गेलंस."

दोन्ही वेळा मला आठवत होत्या. एकदा मी कपडे वाळत घालत होते. दुसऱ्यांदा दार उघडंच होतं, ते मी लावून घेतलं होतं.

ऑपरेशनला उशीर झाला होता. जीभ जवळजवळ सगळी काढावी लागली. त्यानंतर ते नऊ महिने जगले, आणि त्या नऊ महिन्यांत मी रोज त्यांच्याजवळ बसून बोलले. शाळेतलं, चाळीतलं, आईचं, जे सुचेल ते. त्यांना काही हवं असलं की ते वहीत लिहून दाखवायचे. एकदा मी त्यांची माफी मागितली, तेव्हा वही उशालाच होती, पण त्यांनी ती घेतली नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तोंडानंच काहीतरी म्हणाले. मला कळलं नाही असं दिसल्यावर पुन्हा एकदा म्हणाले. मी मान हलवली, आणि ते निवांत डोळे मिटून पडले. काय म्हणाले ते मला दुसऱ्यांदाही कळलं नव्हतं.