चौथा घोडा

आमच्या घरात बुद्धिबळाचा एकच डाव शिकवला गेला. वडील, म्हणजे आमचे आबा, धरणावर कामाला होते. तिथल्या एका कारकुनाकडून ते खेळ शिकले आणि घरी येऊन आम्हा दोघा भावांना शिकवला. दोन्हीकडची राजापुढची प्यादी दोन-दोन घरं पुढं येऊन समोरासमोर उभी राहायची. मग पांढऱ्याचे दोन घोडे आणि काळ्याचे दोन घोडे आळीपाळीनं बाहेर पडायचे. चारी घोडे बाहेर आल्याशिवाय कुणी कुणाला मारायचं नाही, हा वडिलांचा नियम. असा नियम जगात कुठंच नाही, हे मला मिशा फुटल्यावर कळलं. "घोडं भाईर निघालं म्हंजी रामराम झाला. आता भांडा," असं ते म्हणायचे.

मी धाकटा म्हणून पांढरी सोंगटी माझी. दादा काळी घ्यायचा. शाळेला सुट्टी असली की भाताच्या कणगीला टेकून आम्ही दुपारभर हेच करायचो. पहिल्या खेळ्या इतक्या पाठ की बघायचीसुद्धा गरज नव्हती. मला आजही दुसरा कुठला डाव धड मांडता येत नाही. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत खेळायचो तेव्हा लोक हसायचे, की ह्याची गाडी एकाच रस्त्यानं जाते. हसू देत. रस्ता चांगला असला तर बदलायचा कशाला?

वडील गेले, वाटण्या झाल्या आणि वरची उताराची जमीन दादानं बंगलेवाल्यांना दिली. त्यांच्या गाड्या वर जायला रस्ता पाहिजे, तो माझ्या खाचराच्या कडेनं काढला. मी कुंपण घातलं, त्यानं मोजणी आणली, पंचायतीत दोघांची तोंडं सुटली. चूक कुणाची ते मी इथं लिहीत नाही. लिहायला बसलो तर माझीच बाजू लिहीन, आणि तुम्हाला ती खरी वाटेल. तेव्हापासून एका गावात, हाकेच्या अंतरावर राहून आम्ही बोलत नव्हतो. आमचं माले गाव म्हणजे काही पुणं नाही, की समोरचा माणूस दिसला नाही म्हणून खपून जाईल. डेअरीवर गाठ पडायची, मयतीला गाठ पडायची. तो एकीकडं बघायचा, मी दुसरीकडं.

ह्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. तारीख वैशाखातली. आता आमच्याकडं लग्नाचं बोलावणं फोनवर होत नाही. आधी देवाला अक्षत, मग भावकीला, आणि भावकीत पहिलं घर थोरल्याचं. घरच्या माणसानं स्वतः दारात जाऊन अक्षत द्यायची. समोरच्यानं हात पुढं केला तर मान राहिला. नाही केला तर संध्याकाळपर्यंत पौडाच्या बाजारात बातमी. मला बातमीची भीती नव्हती असं नाही, पण खरी भीती मुलीची होती. दादाला दोन्ही मुलगेच. ह्या पोरीला त्यानं खांद्यावरून यात्रा दाखवली होती. ती दिवसाआड एवढंच विचारायची, "थोरले काका येतील ना?" आणि मी तिच्यावरच खेकसायचो, की आधी तुझ्या साड्यांचं बघ.

अशात गावच्या यात्रेची चिठ्ठी निघाली. आमच्या यात्रेत कुस्त्यांच्या आदल्या दिवशी देवळाच्या सभामंडपात बुद्धिबळाचे सामने होतात. कोण कुणाशी खेळणार ह्याच्या चिठ्ठ्या आठवडाभर आधीच काढतात, म्हणजे कारखान्यात जाणाऱ्यांना पाळ्या बदलून घेता येतात. दादा दरवर्षी खेळतो. मी कधी नाव दिलं नव्हतं. ह्या वर्षी दिलं, आणि पहिल्याच फेरीत समोर त्याचंच नाव आलं. ज्याची चिठ्ठी आधी, त्याला पांढरी. माझी आधी निघाली होती. मंडपातल्या सगळ्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं. मग कुणीतरी पुढची चिठ्ठी वाचली.

घरी येताना माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. पटावर बापाचा डाव मांडायचा. चारी घोडे बाहेर आले, तर दादाच्या मनात राग उरलेला नाही असं समजायचं आणि दुसऱ्या दिवशी अक्षत घेऊन त्याच्या दारात जायचं. नाही आले तर जायचं नाही. मुलीला काय सांगायचं ते मग बघू.

अडचण अशी की दादा हा डाव खेळत नाही. बोलत नसलो तरी त्याचा खेळ बघायला मी दरवर्षी जायचो, मंडपाच्या खांबाआड उभा राहायचो. समोरच्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं सारलं, की दादा आपलं राजापुढचं प्यादं कधी पुढं आणायचा नाही. बाजूचं, वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं सारायचा. समोरासमोर उभं राहायचंच नाही. दरवर्षी, प्रत्येकाशी हेच. बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वाटायचं, जमिनीसारखा बापाचा डावसुद्धा ह्यानं देऊन टाकला.

आमच्या वरच्या खोलीत एक बाई भाड्यानं राहतात. अमरावतीच्या, चाळिशीच्या, हिंजवडीत कंपनीत काम करतात. आठवड्यातले काही दिवस घरूनच काम. कंटाळा आला की मोबाइलवर बुद्धिबळ खेळतात, आणि बऱ्यापैकी खेळतात. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी पहिली गोष्ट ही सांगितली, की बाहेरच्या जगातही ह्याला चार घोड्यांचाच डाव म्हणतात. मला उगाच बरं वाटलं.

"पण काका, तुम्ही थेट काऊन जाता?" त्या म्हणाल्या. "मी हिंजवडीला घोटावड्यावरून जायचं का भूगाववरून, ते गर्दी पाहून ठरवते. पोचायचं तिथंच असते. तुम्हीही फिरून जा ना."

"फिरून म्हणजे?"

"प्यादं आधी हलवूच नका. आधी वजिराकडचा घोडा काढा. घोडा निघाला की तुमचे दादा काय करतात?"

मी आठवून पाहिलं. एकदोघांनी तसं केलं होतं. "राजापुढचं प्यादं दोन घरं सारतो."

"मग झालं ना. तुम्ही दुसरा घोडा काढा. तो त्यांच्या प्याद्यावर चालून जाते. प्यादं राखायला त्यांना आपला घोडा काढावा लागते. आता तिसऱ्या खेळीला तुमचं प्यादं दोन घरं. बघा पट."

मी पट बघितला. प्यादी समोरासमोर, तीन घोडे बाहेर. बापाचाच डाव, फक्त मागच्या दारानं आलेला. राहिला होता तो एक घोडा, दादाचा.

"तो शेवटचा मात्र त्यांचाच," बाई म्हणाल्या. "कोणत्याही रस्त्यानं या, चौथा घोडा काळ्याचाच राहते. त्याच्यावर आपला इलाज नाही."

मी म्हटलं, इतकं आल्यावर काढेल की. दुसरं काय करणार? आठवडाभर मी तेच घोटत राहिलो. गोठ्यात शेण काढताना, मोटार चालू करताना, तोंडानं आपलं घोडा, घोडा, प्यादं. स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश होतो की विचारू नका.

बायकोला मात्र पटलं नाही. ती भाकरी थापता थापता सगळं ऐकत होती. "म्हंजी भावजींना फसवून आननार," ती म्हणाली. "आन तसं आलं, तर आलं म्हननार व्हय?"

"फसवणं नसतं ते. खेळ्यांचा क्रम असतो. तुला बुद्धिबळातलं काय कळतंय?"

"बुद्धिबळातलं न्हाई कळत. भावजींचं कळतंय. सरळ जावा आन बोलवा. न्हाई म्हनलं तर म्हनलं."

माझं डोकंच फिरलं. मी ताटावरून उठलो. सरळ जावा म्हणे. सरळ जाऊन दारात उभं राहायचं, आणि त्यानं आतूनच कडी लावली तर? ते तिला दिसत नव्हतं, मला रोज दिसत होतं. उपाशी राहिलो तरी तिनं समजूत काढली नाही.

सामन्याच्या दिवशी मी सकाळीच देवळात पोचलो. बाहेर कुस्त्यांच्या आखाड्यातली माती खणत होते, कर्ण्यावर कुणीतरी एक दोन तीन, एक दोन तीन करत होतं. मंडपात सतरंज्या घालून पट मांडले होते. दादा आधीच येऊन बसला होता. चष्मा नवा होता, त्याच्या कानामागचे केस पांढरे झाले होते. इतक्या जवळून मी त्याला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तो माझ्याकडं नाही, माझ्या राजापुढच्या प्याद्याकडं बघत होता. ते माझ्या लक्षात आलं, पण त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

मी घोडा काढला.

दादानं नजर माझ्या प्याद्यावरून घोड्यावर नेली. मग त्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं सारलं. बाईंचं खरं ठरत होतं. मी दुसरा घोडा काढला. त्यानं आपला घोडा काढून प्यादं राखलं. आमच्याभोवती माणसं जमली होती. बाकीच्या पटांवर कोण बघतंय? मी प्यादं उचललं आणि दोन घरं पुढं ठेवलं. प्यादं कलंडलं, ते नीट उभं केलं.

दादा पटाकडं बघतच राहिला. त्याच्या कपाळावर आठी पडली, मग गेली. इतक्या वर्षांनी तो माझ्याशी पहिलं जे बोलला ते असं, अगदी हळू, माझ्या एकट्यापुरतं:

"फिरून आलास."

खोटं बोलून उपयोग नव्हता. "व्हय," मी म्हटलं.

"का?"

"सरळ आलो असतो तर तू बाजूचं प्यादं सारलं असतंस. समद्यांसंगं तेच करतोस."

"समद्यांसंगं करतो," तो म्हणाला. "तुज्यासंगं कवा केलं?"

वाटण्या झाल्यापासून त्याच्याशी खेळलोच नव्हतो मी. खांबाआडून बघत होतो.

"आबांचा डाव हाय तो," दादा म्हणाला. "आपल्या दोगांचा. कुनाबी सोम्यागोम्यासंगं कसा मांडू? चिठ्ठी निगाल्यापास्नं वाट बगतोय, की तू प्यादं सारशील."

ज्या गोष्टीचा मी इतकी वर्षं राग धरला होता, ती त्यानं माझ्यासाठी राखून ठेवली होती. आणि मी मूर्खासारखा मागच्या दारानं आलो होतो, समोरचं दार बंद असेल ह्या भीतीनं. मला त्याचा राग आला, माझा आला, त्या वरच्या खोलीतल्या बिचाऱ्या बाईंचासुद्धा आला.

दादानं त्याचा राहिलेला घोडा उचलला. पण ठेवला नाही, हातातच धरला. "आन पोरीचं लगीन ठरलंय, ते मला डेअरीवर कळावं व्हय? दूध घालताना? त्यो संकलनवाला इचारतोय, काय घ्यायचं ठरलं पुतनीला. मी काय सांगू त्याला?"

"येनार हुतो," मी म्हटलं. "तू न्हाई म्हनलास तर, म्हनून."

"मी न्हाई म्हनलो का?"

"न्हाई."

"तू इचारलंस का?"

मागून कुणीतरी खाकरलं. दादानं घोडा त्याच्या घरात ठेवला. नीट, मधोमध, वडील ठेवायचे तसा. चारी घोडे बाहेर होते. मग त्यानं चष्मा काढला आणि इतक्या वेळात पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"इचार आता," तो म्हणाला.

पंच म्हणून शाळेचे गुरुजी होते. ते पुढं आले, की सामना चालू असताना खेळाडूंनी बोलायचं नाही.

दादानं मान वळवली नाही. "जरा दम काडा, गुरुजी," तो म्हणाला, आणि ह्या वेळी साऱ्या मंडपाला ऐकू गेलं. "माजा भाऊ बोलतोय."

सगळे माझ्याकडं बघत होते. आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. एरवी माझ्या तोंडाला लगाम नाही, पंचायतीत मी ह्याच माणसाला काय काय बोललो होतो, आणि आता ओठ नुसते हलत होते. डोळ्यांतलं पाणी पटावर पडू नये म्हणून मी मागं सरकलो. तो थांबला. गुरुजी थांबले. मग कसंबसं मी म्हटलं, "दादा, पोरीच्या लग्नाला ये."