नव्या सुईसाठी प्रीॲम्प

नवी सुई बसवली त्या सकाळी आमच्या घरात सारंगीची रेकॉर्ड वाजली, पण पलीकडच्या गल्लीत कुणी वाजवत असावं इतकी हळू. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं, तर सारंगीपेक्षा खरखरच मोठी झाली. मी म्हटलं, "एवढी वाट बघून आणली ती ही?"

यजमान हसले. "सुई चांगलीये. हिचा आवाज जात्याच बारीक असतो. आपला जुना प्रीॲम्प हिला पुरत नाही. दुसरा निवडावा लागेल. थांब जरा."

सुई म्हणजे नुसतं टोक नव्हे. ते टोक ज्यात बसतं तो पेराएवढा ठोकळा, कार्ट्रिज, त्यालाही आमच्या घरात सुईच म्हणत. आणि तिच्यातून निघणारा अगदी क्षीण आवाज वाढवून पुढे ॲम्प्लिफायरला देणारी डबी म्हणजे प्रीॲम्प. एवढं मला लग्नानंतरच्या चाळीस वर्षांत कळलं होतं. यापुढचं समजून घ्यायची गरज कधी पडली नव्हती.

यजमान पशुसंवर्धन खात्यात होते. मांजरसुंबा, चौसाळा हा त्यांचा फिरतीचा भाग. दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं असायचं. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या शेळ्या-म्हशी हे बघायचे. घरी आले की हातपाय धुऊन रेकॉर्ड लावायचे. तेवढा अर्धा तास त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, हा आमच्या घरचा नियम होता. हैदराबादच्या जुन्या बाजारातून त्यांनी एकेक करून दोनशेच्या वर रेकॉर्डी जमवल्या होत्या. मी शाळेत मराठी शिकवायचे. माझा कान साधा. सूर चुकला तर मला कळायचं, का चुकला ते नाही.

सुई बसवल्याच्या पाचव्या दिवशी दाढी करताना त्यांच्या हातातून ब्रश पडला. मी गेले तर ते भिंतीला टेकून खाली बसलेले, अर्ध्या गालाला फेस, आणि तोंड एका बाजूला गेलेलं. अंबाजोगाईत राहण्याचा फायदा एवढाच की हॉस्पिटल दहा मिनिटांवर होतं. जीव वाचला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, बोलणं गेलं.

तीन महिन्यांनी ते खुर्चीत बसू लागले. एखादा शब्द यायचा. "पाणी" यायचं, "न्हाई" यायचं. माझं नाव यायचं नाही. मला वाटलं, रेकॉर्ड लावावी. लावली. तोच बारीक आवाज, तीच खरखर. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि डावा हात हवेत झटकला. मी म्हटलं, "हो, हो, कळलं. प्रीॲम्प बदलायचाय ना?" त्यांनी हात पुन्हा झटकला.

त्यांच्या वहीत मला दोन प्रीॲम्पची नावं सापडली. एकापुढे लिहिलं होतं, 'गेन पुरेसा, लोड बदलता येत नाही.' दुसऱ्यापुढे नुसतं प्रश्नचिन्ह. वही घेऊन मी बीडला गेले. तिथे एक म्हातारे रेडिओ दुरुस्त करणारे होते, यजमान त्यांना चाचा म्हणत, म्हणून मीही. चाचांनी वही लांब धरून वाचली.

"ह्या सुईला जुना डबा कावून लावला, बाई?"

"तेवढाच होता."

"हे बघा. जुनी सुई मोठ्यानं बोलायची. ही तिच्या दहाव्या हिश्शानं बोलती. साफ बोलती, पण लई हळू. जुना डबा आवाज शंभरपट करतो, त्याला गेन म्हंतेत. हिला हजारपट करणारा पायजे. त्याच्यावर नगं, मग आवाज फाटतो." मग त्यांनी प्रश्नचिन्हावर बोट ठेवलं. "आणि दुसरी गोष्ट, लोड. म्हंजे डब्यानं सुईला किती दाबून धरायचं ते. ढिलं सोडलं तर आवाज पत्र्यासारखा टोचतो. लई दाबलं तर गाणं मरगळतं. ह्या दुसऱ्या डब्याला खाली बारीक खटके हायत. कानाला पटेल तसं दाबायचं. हाच घ्या."

मी तोच मागवला. चौदा दिवसांनी आला. चाचा स्वतः एसटीने आले, तारा जोडल्या, खटके लावले. मी तीच सारंगीची रेकॉर्ड लावली.

खरं सांगते, मी दाराशी उभी होते ती तिथेच खाली बसले. वादक श्वास घेतो तेसुद्धा ऐकू येत होतं. चाचांनी डोळे मिटले. मी यजमानांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा आक्रसला होता, जसा भर उन्हात उभ्या केलेल्या माणसाचा होतो.

"पत्रा," ते म्हणाले.

आजारानंतर त्यांनी उच्चारलेला तो पहिला नवा शब्द. मला केवढा आनंद झाला! चाचाही हरखले. "ऐकलं का बाई? कान शाबूत हाय यांचा. लोड ढिला हाय म्हंतेत." त्यांनी खटके बदलले. पुन्हा "पत्रा." पुन्हा बदलले. "पत्रा." शेवटी सुईबरोबर आलेल्या कागदावर जो आकडा होता त्यावर ठेवून चाचा म्हणाले, "नवं हाय. आठ-पंधरा दिवस रोज वाजू द्या, मोकळं होईल."

मी पंधरा दिवस रोज वाजवलं. सकाळी आंघोळ घालून झाली की त्यांना खुर्चीत बसवायचे, खुर्ची दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्ये, त्यांच्या जुन्या जागेवर आणायचे, आणि तासभर रेकॉर्डी लावायचे. ते मान फिरवायचे. मी मान सरळ करायचे, उशी लावायचे. एकदा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. शेजारची बाई आली होती, तिला मी म्हटलं, "बघा, गाणं पोचतंय." एकदा त्यांनी डाव्या हाताने पांघरूण कानावर ओढलं. मला वाटलं, थंडी वाजते. मी पंखा बंद केला.

सोळाव्या दिवशी चाचा परत आले. त्यांनी या वेळी जुनी सुई आणि जुना प्रीॲम्प जोडला. यजमान म्हणाले, "पत्रा." चाचा थांबले. त्यांनी सगळं बंद केलं, खिशातला मोबाइल काढला आणि एक साधं गाणं लावून त्यांच्यापुढे धरलं.

"पत्रा," यजमान म्हणाले. "पत्रा, पत्रा."

चाचांनी मोबाइल बंद केला. तारा गुंडाळल्या. चहा न घेता अंगणात आले आणि हळू आवाजात मला म्हणाले, "बाई, मशीन बरूबर हाय. सुई बरूबर हाय. आता मी काय बदलू?"

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी तपासलं. टेबलावर टकटक केली, शिट्टी वाजवली, एक धून गुणगुणली, प्रश्न विचारले. मग मला बाहेर घेऊन सांगितलं की बोललेलं त्यांना बरंचसं कळतं. पण मेंदूचा जो भाग सूर एकमेकांना जोडतो, तो गेलाय. त्यांना गाणं गाण्यासारखं ऐकूच येत नाही. भांडी आदळावीत, पत्रे ओढावेत, तसं येतं.

"परत येईल?"

"इतके दिवस झालेत. मी आशा दाखवणार नाही."

घरी येऊन मी मशीनवर चादर टाकली. त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि डॉक्टर जे बोलले ते सगळं सांगितलं, शाळेतल्या मुलाला सांगावं तसं एकेक वाक्य. ते ऐकत होते. त्यांना आधीच माहीत होतं, हे मला बोलताना कळत गेलं. ज्या माणसाला उठता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, त्याला मी रोज तासभर त्या आवाजासमोर बसवून ठेवलं होतं, मान सरळ करून.

"तुम्हाला त्या दिवसांत फार त्रास झाला का हो?" मी विचारलं.

मला वाटलं, आता "न्हाई" म्हणतील. तो शब्द त्यांना सहज यायचा.

"लई," ते म्हणाले.

त्यानंतर ते सव्वा वर्ष जगले. घरात गाणं लागलं नाही. शेजारी लग्न असलं की मी त्यांना मागच्या खोलीत नेऊन दारं लावायचे. बोललेलं कळतं म्हणून दुपारी पेपर वाचून दाखवायचे. पहिल्यांदा वाचलं ते गुरांच्या साथीबद्दल होतं. मी एक औषधाचं नाव चुकीचं वाचलं, तर त्यांनी डावा हात उचलून मला थांबवलं. मी पुन्हा वाचलं. तेही चुकलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं, तेव्हा त्यांनी हात खाली ठेवला आणि पुढे वाच अशी मान हलवली.