मोटरचाचांचा उलटा हात

मोटरचाचा कुठल्याही यंत्राला आधी उलटा हात लावायचे. पांढरकवड्याला हायवेलगत त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. शेतातला पंप असो की पिठाची गिरणी, बोटांची पाठ टेकवून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "इतकी गरम काहून झाली? काम कमी करून राह्यली, वीज जास्त खाऊन राह्यली." मीटर ते नंतर लावत. मीटरही बहुधा तेच सांगायचं.

डिप्लोमाच्या सुट्ट्यांत मी त्यांच्याकडे जळालेल्या मोटरीत तांब्याच्या तारेची नवी कॉइल भरायला शिकले. मुलगी म्हणून त्यांनी मला कधी सूट दिली नाही. रिकामं चालणारं यंत्र त्यांना बघवत नसे. शेजारच्या सलूनमध्ये गिऱ्हाईक नसताना पंखा फिरताना दिसला, की चाचा जाऊन बंद करत आणि वर न्हाव्यालाच झापत, "हवा कोनाले देऊन राह्यला बे? खुर्चीले?"

पुढे मला परराज्यात मेमरी चिपच्या कारखान्यात नोकरी लागली. काम, विजेचा खर्च कमी करणं. मी चाचांना फोनवर सांगितलं, की इथे तळघरात हवा ओढणारे शेकडो पंप आहेत आणि वर यंत्रांत चिप बनवायच्या सिलिकॉनच्या चकत्या नसल्या तरी ते तसेच धावतात.

"रिकामेच? अन् सारे शिकलेले लोक ना तुमचे!" ते खरंच दुखावले होते.

दुसऱ्या दिवशी मी तळघरात रिकाम्या पंपांवरून उलटा हात फिरवत गेले. चटके बसले. पंप वीज खात होते आणि त्यांची उष्णता काढायला पुन्हा वीज जात होती. साहेब म्हणाले, पंप थांबला तर सगळा माल वाया जाईल. थांबवायचा नाही, फक्त वेग उतरवायचा, हे मी कित्येक महिने घसा कोरडा करून सांगितलं. शेवटी परवानगी मिळाली, विजेचा आकडा खाली आला. पहिला फोन मी चाचांना केला.

तोवर कॉइलींवर चढवायच्या वार्निशच्या जन्मभराच्या धुराने त्यांची फुप्फुसं निकामी केली होती. घरी ऑक्सिजनचं मशीन होतं, डॉक्टरांनी ते अखंड चालू ठेवायला सांगितलं होतं.

"शाबास बेटा!" एवढं म्हणतानाही त्यांना धाप लागली. "मीबी माही मशीन बंद करत असतो मधामधात. बसल्या जागी कायले पायजे?"

मी हसले. साहेबांना शंभरदा सांगितलेली गोष्ट, थांबवायचं नाही, ती मला चाचांना सांगायला सुचली नाही. या हसण्याबद्दल मी स्वतःला माफ करू शकत नाही.

आठवड्याने त्यांच्या सुनेचा, शबानाचा फोन आला. ती दळण आणायला गेली होती. परतली तेव्हा चाचा खुर्चीत मान टाकून बसलेले, नाकातली नळी काढून गळ्यात लोंबत आणि मशीनचं बटन बंद.

"त्याइनंच बंद केली," ती रडत म्हणाली. "जरा बरं वाटलं असन त्याइले, म्हनून."

मी पोहोचले तोवर दफन झालं होतं. मशीन खुर्चीशेजारीच होतं. मी त्याला उलटा हात लावला. चाचांना आवडलं असतं, इतकं गार होतं ते.