बाजाराच्या दिवशीचा पाऊस

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि आमच्या घरात तिच्यापासून एखादी गोष्ट सहा वर्षं लपून राहते, म्हणजे ती मी किती खोल पुरली असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

तसा मी तोंडाचा बंद माणूस नाही. नात्यागोत्यात लग्न असो की कुणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन, जेवणं आटोपली की कुणीतरी म्हणतंच, "मामाले खुर्ची द्या बे, सतरंजीवर त्याईची म्हैस पोहत नाही." ही म्हैस माझ्या आजोबांची. पुरात वाहून गेली आणि दुसऱ्या दिवशी पोहत घरी आली. पहिल्यांदा सांगितली तेव्हा ती नाला ओलांडून आली होती, हल्ली पैनगंगा ओलांडते. सगळ्यांना ठाऊक आहे, कुणाचं काही बिघडत नाही. मग एका थापेचं आज एवढं काय घेऊन बसलात — असं तुम्ही म्हणाल. पण म्हशीच्या थापेत कुणाचं नाव खराब झालेलं नव्हतं.

थांबा, आधी त्या डब्याचं सांगतो.

जानेफळच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावच्या शाळेत मी बाबू. म्हणजे दाखले, हजेरीपट, मुख्याध्यापकांचा चहा. शाळेच्या मागच्या अंगणात एका जुन्या मुख्याध्यापकांनी हौसेनं पर्जन्यमापक बसवलं होतं. पत्र्याचा डबा, त्यावर नरसाळं, आत बाटली. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी रेघा मारलेल्या काचेच्या नळकांड्यात ओतायचं आणि किती मिलिमीटर ते लिहायचं. एवढंच काम. पोरांना पाहायला मिळावं, गावच्या पावसाची नोंद राहावी, म्हणून. वरून कुणी मागत नव्हतं, कुणी तपासत नव्हतं.

हे काम नऊ वर्षं कय्यूमभाईंनी केलं. शाळेचे शिपाई. ईदच्या दिवशीसुद्धा नमाजेहून येताना नव्या कपड्यांत शाळेत वळायचे, उकिडवे बसायचे, नळकांडं डोळ्यासमोर धरायचे. मला म्हणायचे, "बाबू, पान्याची रेघ डोयाच्या बराबरीनं पाहा. उभं राहून वरून पाह्यलं का चुकते." पेन्सिलीनं चतकोर कागदावर आकडा लिहायचे — तेवीस पूर्णांक चार, सात पूर्णांक एक. पाऊस नसला तर 'निरंक'. वर्षाअखेर ते कागद मी माझ्या वळणदार अक्षरात वहीत उतरवून घ्यायचो आणि कागद टाकून द्यायचो. त्यामुळे अख्खी वही माझ्याच हातची दिसते. कोणती वर्षं कुणी मोजली, हे तिच्यात कुठंच लिहिलेलं नाही.

कय्यूमभाई निवृत्त झाले तेव्हा रुमालात गुंडाळलेलं नळकांडं त्यांनी माझ्या हातात दिलं. मी पहिला महिना अगदी नेमानं मोजलं. बरं — पहिला आठवडा. पुढची अकरा वर्षं मी पाऊस कसा मोजला, सांगू? खिडकीतून. न्हाणीपुढची बादली अर्धी भरली, लिहा पंधरा. अंगणात चपला तरंगल्या, लिहा चाळीस. आणि आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळीच काळी-पिवळी जीप धरायची असे, म्हणून त्या दिवशी डोळे मिटून निरंक. पाऊस काय, पडून गेला, जमिनीत मुरला. त्याचा हिशेब मला कोण विचारणार होतं?

विचारलं. माझ्या भाचीनं.

प्रज्ञा माझ्या धाकट्या बहिणीची. बुलढाण्याला बी.एस्सी. करत होती. शेवटच्या वर्षाला हवामान बदलावर प्रकल्प मिळाला, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडे आली. पहिल्या खेपेला माझ्या तोंडाकडे पाहत राहिली आणि मी सांगेन ते लिहून घेत गेली. आमच्या लहानपणी आठ-आठ दिवस झड लागायची, आता पाऊस राहिलाच नाही — मी सांगत होतो, ती माना डोलवत होती. निष्कर्ष तर तिच्याकडे आधीच तयार होता. पंधरा दिवसांनी परत आली ती पडेल चेहऱ्यानं. तिच्या सरांनी सगळं वाचून एकच विचारलं होतं — हे तुला कशावरून माहीत? "मामा, तुमची गोष्ट झकास आहे," ती म्हणाली, "पन मले आकडे पायजेत." आणि मी ऐटीत वही काढून दिली. आहे की नाही गंमत? चोरानंच तिजोरी उघडून दाखवायची.

तिसऱ्या खेपेला ती आली तेव्हा मी ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसलो होतो. ती शेजारी टेकली.

"मामा, एक सांगा. आपल्या गावात बाजाराच्या दिवशी पाऊस काऊन नाही पडत?"

"पावसालेही बाजार करा लागते ना बाई," मी म्हणालो.

ती हसली नाही. लहानपणापासून माझ्या प्रत्येक फालतू विनोदावर हसलेली पोर — हसली नाही. वही उघडून तिनं बोट ठेवलं. पहिल्या नऊ वर्षांत सगळ्या तऱ्हेचे आकडे येतात. नंतरच्या अकरा वर्षांत प्रत्येक आकड्याच्या शेवटी शून्य नाही तर पाच. "अन् मी सहावीत होती तवा तुमच्यासंग बाजारात चिंब झाली होती," ती म्हणाली. "माही पिवळी छत्री उडून नालीत गेली होती, तुमीच काढून देली. त्या सालात, बाजाराच्या एकाही दिवशी पाऊस नाही वहीत. मंग वही खरी का मी खरी?"

खरं सांगतो, त्या क्षणी मला भीतीआधी अभिमान वाटला. दोन महिन्यांपूर्वी माझी झड जशीच्या तशी उतरवून घेणारी ही पोर — आता आकड्यालाही विचारत होती, तू आलास कुठून? स्वतःच्या आठवणीवरसुद्धा तिचा लगेच विश्वास नव्हता. छत्रीचं आईला विचारून आली होती. मग तिनं विचारलं, "हे नंतरचे वर्षं कोनं मोजले?"

सोपा प्रश्न होता. एका शब्दाचं उत्तर होतं. ती माझी भाची, मी तिचा मामा, ओट्यावर तिसरं कुणी नव्हतं. काय झालं असतं? फार तर हसली असती. फार तर आयुष्यभर चिडवलं असतं मला.

मी म्हणालो, "पहिले मीच मोजत होतो. मंग कामं वाढले, तं कय्यूमभाईले देलं. रिटायर झाल्यावरबी येत होते बिचारे. नजर गेली होती त्याईची."

एका दमात. एवढी नीट बेतलेली थाप मी खुर्चीवर बसूनही कधी मारली नव्हती. कय्यूमभाईंची नऊ वर्षं मी माझ्या नावावर केली आणि माझी अकरा त्यांच्या. कय्यूमभाईंना जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. आणि त्यांची नजर — शेवटपर्यंत सुईत दोरा ओवायचे ते.

प्रज्ञानं मान हलवली आणि लिहून घेतलं. तिनं वहीवर शंका घेतली, स्वतःवर घेतली, माझ्या शब्दावर घेतली नाही.

प्रकल्प तिनं चांगला केला. बरोबरीच्या पोरांनी पाऊस घटला, गारपीट वाढली असे ठसठशीत निष्कर्ष काढले. हवामान बदलतंय हे तिला मान्यच होतं, पण हिनं लिहिलं, की आमच्या गावच्या पावसात बदल झाला की नाही, हे या नोंदींवरून सांगता येत नाही. तोंडी परीक्षेत तिला दोनदा विचारलं, ती हलली नाही. प्रकल्पाची एक प्रत तिनं शाळेला दिली. पहिल्याच पानावर अचूक नोंदींबद्दल माझे आभार होते. आणि आत एक वाक्य — नंतरच्या नोंदी घेणारे कय्यूमभाई यांची दृष्टी अधू झाली असल्याने त्या नोंदी विश्वासार्ह नाहीत, म्हणून वगळल्या आहेत.

कय्यूमभाईंचं नाव कॉलेजच्या पुस्तकात आलं, अशी गावात बातमी झाली. कुणीतरी त्या पानाची झेरॉक्स त्यांच्या बायकोला, नफीसाखालाला, नेऊन दिली. ती घेऊन ती ऑफिसात माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "बाबू, मराठी मले बोलता येते, वाचता नाही येत. काय लिवलं पोरीनं, वाचून सांगा ना."

मी कागद हातात घेतला. चष्मा पुसला. आणि वाचलं — कय्यूमभाई यांनी नऊ वर्षं, एकही दिवस न चुकता, पाऊस मोजला.

"हाव," खाला म्हणाली. "ईदलेबी जात होते." तिनं ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं — कागदावर नसलेलं, शब्द न शब्द तसंच. मग कागदाची घडी करून ती घेऊन गेली.  मी बोललो ते खरं होतं, आणि तिच्या हातातला कागद खोटा. हे मी कसं जमवलं? 

मला वाटलं होतं, एवढ्यावर मिटलं. आता प्रज्ञा स्वतः कॉलेजात शिकवते. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात सगळे तिच्याभोवती बसले होते, आणि ती सांगत होती, की दर वर्षी नव्या पोरांना ती आधी एक गोष्ट सांगते. आमच्या गावात एक चाचा होते. नजर गेली तरी पाऊस मोजायचे, मनानं आकडे लिहायचे. म्हणून पोरांनो, आकडा पाहण्याआधी विचारा, तो घेतला कुणी. छान सांगते. माझ्यापेक्षा छान. ऐकणारे हळहळले. मीसुद्धा मान हलवली — तिच्या शेजारीच बसलो होतो.

प्रज्ञा हे वाचेल, हे धरूनच लिहितो आहे. तिच्या आधी खालाला वाचून दाखवायचं आहे, या वेळी कागदावर आहे तसंच.

वहीतली पहिली नऊ वर्षं कय्यूमभाईंची आहेत. त्यांना शेवटपर्यंत स्वच्छ दिसत होतं. पुढची अकरा वर्षं माझी आहेत. त्यातला पाऊस मी पाहिलेला आहे, मोजलेला नाही.